आयर्लंडमधील ते 'किल्ले' नव्हेत

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत आयर्लंडच्या भटकंतीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. बॉइन नदीच्या खोऱ्यातील न्यूग्रेंज या अतिप्राचीन थडग्याचे वर्णन त्यात मनापासून केलेले आहे आणि छायाचित्रेही उत्तम आहेत. मात्र त्याच लेखात 'या छोट्याशा देशात हजारो प्राचीन किल्ले विखुरलेले आहेत' असे एक वाक्य आहे आणि त्याबद्दल लिहिणे मला भाग पडत आहे. त्या एका शब्दावर विसंबून आपला एखादा वाचक तेथे गेला, तर त्याची निराशा होईल आणि जे खरोखर पाहण्यासारखे आहे तेही न पाहता तो परत फिरेल. माझी तशीच गत झाली होती.

मी भूमी अभिलेख विभागातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त कॉर्क काउंटीत राहतात, त्यामुळे दोन उन्हाळे तिकडे काढण्याचा योग आला. पहिल्याच आठवड्यात जावईबापूंच्या फोनवरील नकाशात घराच्या चार मैलांच्या आत सात 'फोर्ट' दिसले, तेव्हा सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जे यायचे तेच आले: तट, बुरूज, गोमुखी दरवाजा, पाण्याची टाकी. प्रत्यक्षात आम्ही पोहोचलो ते गाईंच्या एका कुरणात. कुरणाच्या वरच्या अंगाला गवताने झाकलेला, माझ्या छातीइतक्या उंचीचा मातीचा गोल बांध होता. त्याच्या बाहेरून बुजत आलेला चर फिरला होता, पूर्वेच्या बाजूला बांध तोडून ठेवलेली वाट होती आणि बांधावर हॉथॉर्नची वाकडी, काटेरी झाडे दाटीने उभी होती. आत काहीही नव्हते. चिखलात गाईंच्या खुरांचे ठसे आणि त्यांत साचलेले पावसाचे पाणी, एवढेच. नातवाने 'आजोबा, किल्ला कुठे आहे?' असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

सवयीने मी वर्तुळाचा व्यास पावलांनी मोजला. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ३६ पावले भरली. माझे पाऊल अडीच फुटांचे आहे, म्हणजे साधारण ९० फूट. गढी म्हणावी तर एवढीशी, छावणी म्हणावी तर त्याहून लहान, आणि कुरणाच्या उतारावर अशा ठिकाणी की वरच्या टेकाडावरून कोणीही दगड मारावा. हे संरक्षणासाठी बांधलेले ठाणे असूच शकत नाही, असे मनाने घेतले, आणि पुढे वाचन केल्यावर तेथील पुरातत्त्वज्ञही तेच म्हणतात असे समजले.

ही वर्तुळे म्हणजे शेतकऱ्यांची राहती घरे होत. आयर्लंडभर अशी सुमारे ४५,००० ठिकाणे नोंदलेली आहेत. सारे बेट महाराष्ट्राच्या जेमतेम पाव भागाएवढे आहे हे लक्षात घेतले, तर दर दोन चौरस किलोमीटरला एक असे हे प्रमाण पडते. एवढे किल्ले कोणत्याही राज्याला बांधता येत नाहीत आणि लागतही नाहीत. त्यांतील बहुतेक इसवी सन ६०० ते ९०० या काळातील आहेत. बांधाच्या आत कुडाचे, बहुधा गोल असे घर, शेजारी एखादे कोठार आणि रात्री आत घ्यायची गुरे, अशी रचना असे. त्या समाजात नाणी जवळजवळ नव्हती आणि माणसाची पत, दंड, खंड हे सारे दुभत्या गाईंत मोजले जाई. गाय हीच दौलत असल्यामुळे तिला लांडग्यापासून आणि त्याहूनही अधिक शेजारच्या टोळीतील चोरांपासून राखणे हा बांधाचा उद्देश होता. गुरे पळवून नेणे हा तेथील तरुणांचा पराक्रम समजला जात असे आणि आयर्लंडचे सर्वांत प्रसिद्ध प्राचीन आख्यान एका बैलाच्या हरणावरच रचलेले आहे. आपल्याकडे गावोगावच्या वीरगळांवर गाई सोडवताना पडलेला वीर आणि खाली गाईंची रांग कोरलेली असते. त्या शिळा पाहिलेल्या मराठी माणसाला हे फार समजावून सांगावे लागू नये.

या बांधांना आयरिश भाषेत 'रॅथ' आणि 'लिस' असे शब्द आहेत. 'रॅथ' म्हणजे भोवतालचा मातीचा बांध आणि 'लिस' म्हणजे त्याच्या आतील मोकळी जागा. दगडी असेल तर 'कॅशेल' किंवा 'कॅहर' म्हणतात. डब्लिनमधील रॅथमाइन्स आणि रॅथफार्नम, वॉटरफर्ड काउंटीतील लिसमोर ही नावे त्यांतूनच आली आहेत. मराठीत यासाठी मला विचाराल तर 'वाडा' हा शब्द योग्य वाटतो. शनिवारवाड्यातला वाडा नव्हे, धनगरवाड्यातला वाडा. माणसाचे घर आणि जनावरांचे कुंपण या दोहोंना एकच शब्द वापरणारी आपली भाषा असताना 'किल्ला' असा चुकीचा शब्द उसना का घ्यावा?

अर्थात ही चूक आपल्या लेखकाची नाही. 'रिंगफोर्ट' या इंग्रजी नावातच 'फोर्ट' आहे आणि ते नाव सर्वत्र रूढ होण्यात माझ्याच धंद्यातील लोकांचा मोठा हात आहे. करआकारणीसाठी १८२४ साली आयर्लंडची मोजणी हाती घेण्यात आली आणि मैलाला सहा इंच या प्रमाणाने १८४६ पर्यंत साऱ्या बेटाचे नकाशे छापून झाले. मोजणीदारांनी शेतातील प्रत्येक गोल बांध इमानाने नकाशावर घेतला आणि त्याच्या शेजारी 'फोर्ट' असे लिहिले. गावकरी त्यांना डेन (डेन्मार्ककडील) लोकांचे किल्ले समजत, तेही खरे नव्हते. तरीही त्या मोजणीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तिचे प्रमुख थॉमस कोल्बी यांनी उष्णतेने लांबी बदलू नये म्हणून लोखंड व पितळ यांच्या मोजणीच्या जोड-पट्ट्या तयार करवल्या होत्या. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८२९ साली आयर्लंडला जाऊन ते काम पाहिले आणि तसल्याच पट्ट्या हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीसाठी आणल्या. आमच्या खात्यातील जुनी माणसे एव्हरेस्टचे नाव घेत, कोल्बीचे कोणी घेत नसे. असो. मुद्दा असा की ते जुने नकाशे आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर किती वाडे टिकले आणि किती नांगराखाली गेले हे घरबसल्या कळते. कित्येक ठिकाणी बांध सपाट झाला आहे, पण शेताची हद्द त्या जागी अजूनही धनुष्यासारखी वाकून जाते. नकाशा वाचणाऱ्याला ती वाकलेली रेघ दिसली की पुढचे सांगावे लागत नाही.

आता लेखातील दुसऱ्या गोष्टीकडे येतो. न्यूग्रेंज आणि हे वाडे यांचा उल्लेख त्यात एकाच परिच्छेदात, एकाच लोकांचे काम असल्यासारखा आला आहे. न्यूग्रेंजचे थडगे इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे आहे. ते आणि हे मातीचे वाडे यांच्यात जवळजवळ चार हजार वर्षांचे अंतर आहे, म्हणजे शिवराज्याभिषेकापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला त्याच्या दहापटीहून अधिक. वाडे बांधणाऱ्या लोकांनाही ती थडगी आपल्याइतकीच गूढ होती. या दोन काळांची गाठ पडते ती न्यूग्रेंजच्या शेजारी नाउथ येथे. तेथील प्रचंड थडग्याच्या टेकाडाभोवती ख्रिस्तोत्तर सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास चर खोदून स्थानिक राजांनी त्यावर वस्ती केली आणि पोटात भुयारे काढली. थडग्यावर संसार मांडलेला पाहायचा असेल तर तेथे जावे.

न्यूग्रेंजबद्दल लेखात बरेच आले आहे, म्हणून मी फक्त एक भर घालतो. ते थडगे कोणा विद्वानाने शोधलेले नाही. १६९९ साली तेथील जमीनमालकाची माणसे टेकाडाचे दगड काढून नेत होती, तेव्हा आत जाणारी वाट उघडी पडली. दारावरच्या झरोक्यातून हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी सूर्यकिरण १९ मीटर लांबीच्या वाटेने थेट आतल्या दालनात पोहोचतो, हे मात्र प्रा. मायकेल ओकेली यांनी १९६७ च्या डिसेंबरात स्वतः आत बसून पाहिले. आज त्या पहाटे आत बसायला चिठ्ठ्या टाकून मोजकी माणसे निवडतात, आणि निवड झाली तरी आभाळ स्वच्छ असेल याची हमी आयर्लंडमध्ये कोण देणार?

माझे म्हणणे एवढेच की तिकीट काढून, बसने जाऊन, वाटाड्याच्या मागे चालत न्यूग्रेंज पाहिले म्हणजे आयर्लंडची थडगी पाहिली असे होत नाही. आयर्लंडमध्ये सुमारे दीड हजार महापाषाणीय, म्हणजे मोठाल्या शिळांची, थडगी आहेत आणि त्यांतील बहुतेक कोणाच्या तरी शेतात, डोंगरमाथ्यावर, रस्त्याच्या वळणावर उभी आहेत. क्लेअर काउंटीतील पुलनाब्रोन हे त्यांतील सर्वांत अधिक छायाचित्रे निघालेले. उजाड चुनखडीच्या पठारावर दोन-तीन उभ्या शिळांवर एक पातळ आडवी शिळा, एखाद्या म्हाताऱ्याने उन्हासाठी कपाळावर आडवा हात धरावा तशी. तेथे १९८० च्या दशकात एका शिळेला तडा गेलेला आढळल्यामुळे दुरुस्तीच्या निमित्ताने उत्खनन झाले आणि तीसहून अधिक माणसांची हाडे मिळाली. त्यांत मुले होती, ओझी वाहून झिजलेले सांधे होते आणि एका माणसाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचे टोक रुतलेले होते. सुमारे सहाशे वर्षे लोक आपली माणसे तेथे आणून ठेवत होते.

मला स्वतःला पुलनाब्रोनहून अधिक भावले ते कॉर्क काउंटीतील लॅबाकॅली. ग्लॅनवर्थ गावाजवळ, रस्त्याच्या अगदी कडेला हे पाचरीच्या आकाराचे थडगे आहे. तिकीट नाही, पहारेकरी नाही, गाडी लावायला धड जागाही नाही. त्याच्या नावाचा अर्थ 'म्हातारीची शेज'. ही म्हातारी म्हणजे आयरिश कथांतील डोंगर रचणारी, ओच्यातून दगड सांडत जाणारी आदिमाया. १९३४ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा आतल्या लहान खोलीत एका स्त्रीचा सांगाडा मिळाला. त्याला शिर नव्हते, आणि बाहेरच्या मोठ्या खोलीत स्त्रीची एक कवटी वेगळी सापडली. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या जागेला 'म्हातारीची शेज' म्हणत आले आणि आत खरोखर एक बाई निजलेली होती, हे वाचल्यावर मी पुन्हा एकदा मुद्दाम तेथे जाऊन आलो. आडव्या शिळांच्या फटीतून पाहिले तर आत ओली माती, नेचे आणि कोणीतरी लावलेली विझलेली मेणबत्ती दिसली. ही मेणबत्ती चुकीची आहे, हे नंतर सांगतो. बाकीच्या अनेक थडग्यांना तेथील लोक 'डिअर्मिड व ग्रॉन्या यांची शेज' म्हणतात. लग्न ठरलेल्या म्हाताऱ्या सरदाराला सोडून ग्रॉन्या तरुण डिअर्मिडबरोबर पळाली आणि ती दोघे रोज नव्या ठिकाणी रात्र काढत राहिली, ही ती कथा. आपल्याकडे प्रत्येक लेणे पांडवांनी एका रात्रीत खोदलेले असते, तसेच हे.

एवढी ठिकाणे टिकली कशी, याचे उत्तर कायद्यात कमी आणि भीतीत जास्त आहे. वाड्यांच्या आत 'ती' राहतात, असा तेथील समज आहे. इंग्रजी पुस्तकांवरून आपण त्यांना पऱ्या म्हणतो, पण पंख असलेल्या नाजूक मुली तेथे कोणाच्याच मनात नसतात. त्यांचे नाव घेणेही टाळतात आणि 'चांगली माणसे' असे म्हणतात, जसे आपल्याकडे रात्री सापाला साप न म्हणता जनावर किंवा लांबडे म्हणतात. वाड्याच्या बांधाला नांगर लावला किंवा त्यावरचा हॉथॉर्न तोडला, तर गुरे मरतात, माणूस अंथरूण धरतो, अशा कथा गावोगावी आहेत. १९३७ ते १९३९ या काळात तेथील लोकसाहित्य आयोगाने सुमारे पाच हजार शाळांतील मुलांना घरातील वडीलधाऱ्यांकडून अशा कथा लिहून आणायला सांगितल्या. त्यांची सुमारे ७ लाख ४० हजार पाने जमली आणि त्यांतील बरीच आज इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. शाळेतील मुलांच्या हातून असे काम महाराष्ट्रात करून घेता आले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. १९९९ साली क्लेअर काउंटीत लॅटून येथे नव्या रस्त्याच्या आड एक हॉथॉर्नचे झाड येत होते. एडी लेनिहान या कथेकऱ्यांनी आवाज उठवला आणि झाड राखून रस्ता नेला गेला. आमच्या घराजवळच्या कुरणाच्या मालकाला मी विचारले, की तुम्ही हे मानता का. तो हसून म्हणाला, मुळीच नाही. आणि लगेच पुढे म्हणाला, पण आजोबांनी नांगर लावला नाही, वडिलांनी लावला नाही, तर मी कशाला लावू? आपल्या देवरायांमध्ये कोयता न चालवणाऱ्या शेतकऱ्याकडून यापेक्षा वेगळे उत्तर येणार नाही.

भीती सरली तेथे यंत्रांनी काम केले आहे, हेही खरे. कायदा आहे: नोंदलेल्या जागेला हात लावण्यापूर्वी मालकाने सरकारला दोन महिने आधी लेखी कळवावे लागते. परवान्याशिवाय धातुशोधक यंत्र घेऊन तेथे फिरणे हा गुन्हा आहे. केरी काउंटीत असा एक वाडा सपाट केल्याबद्दल २०१२ साली न्यायालयाने २५,००० युरो दंड केला. वाडा अर्थातच परत आला नाही.

आणखी एक कारण असे की यांतील बऱ्याच वाड्यांत तान्ही मुले पुरलेली आहेत. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळत नसे, म्हणून आईबाप रात्री अशा जुन्या जागी त्याला ठेवून येत. हे अगदी विसाव्या शतकापर्यंत चालले. वरून दिसतात ते फक्त हाताएवढे, बिननावाचे दगड. गवतावर चटई पसरून डबा उघडण्यापूर्वी आपल्या लोकांनी एवढे माहीत करून घ्यावे.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी लिहितो, कारण लेखात 'कुठेही मनसोक्त फिरा' असा सल्ला आहे आणि तो धोक्याचा आहे. आयर्लंडमध्ये दुसऱ्याच्या शेतातून फिरण्याचा हक्क कोणालाही नाही. सरकारी स्मारकांच्या नकाशावर लाल ठिपका आहे म्हणजे तेथे वाट आहे असे नव्हे. शेजारच्या घराचे दार वाजवून विचारावे. मला एकदाही नकार मिळाला नाही, उलट एका ठिकाणी चहा मिळाला आणि कुरणात वळू सोडलेला असल्यामुळे उद्या या, असा मोलाचा सल्लाही. मोकळ्या कुत्र्याला मेंढ्यांत नेऊ नये. कुंपणाच्या बारीक तारेत वीज असते. फाटक जसे असेल तसेच ठेवावे, आणि हे मी पश्चात्तापाने लिहितो आहे: एके ठिकाणी उघडे फाटक पाहून मी शहाणपणाने ते लावून घेतले आणि त्या माणसाच्या गाई संध्याकाळपर्यंत पाण्यावाचून पलीकडे अडकल्या. तो रागावला नाही, पण त्यानंतर त्याने मला दोनदा फाटकाची गोष्ट सांगितली. थडग्यात मेणबत्त्या लावू नयेत, कारण उष्णतेने शिळांचे कपचे उडतात. स्लायगो काउंटीत नॉकनरी डोंगरावर दंतकथेतील राणी मेव्हच्या नावाची सुमारे दहा मीटर उंच दगडांची रास आहे, तिच्या आत कोणी अजून खोदलेले नाही. तिच्यावर चढू नका अशी पाटी आहे, ती वाचावी. मीथ काउंटीत लॉक्रू येथील कोरीव शिळांवर अलीकडच्या लोकांनी आपली नावे ओरखडली आहेत. ती नावे आपल्याकडील गडांवरच्या नावांसारखीच दिसतात.

जाता जाता मीथ काउंटीतील तारा नावाच्या टेकडीवरील 'लिया फाल' या उभ्या दगडाविषयी. खरा राजा स्पर्श करील तेव्हा हा दगड ओरडे, अशी आयरिश कथा आहे. 'आयर्लंडमधील प्राचीन शिवलिंग' म्हणून त्याचे छायाचित्र मला व्हॉट्सॲपवर किमान पाच जणांनी पाठवले. तो शिवलिंग नाही. २०१२ साली त्यावर कोणी हातोडा चालवला आणि २०१४ साली रंग ओतला, तेव्हा त्याला आणखी भक्तांची गरज आहे असे मला वाटत नाही. नाते शोधायचेच असेल तर नागपूरजवळच्या जुनापाणीला जावे. तेथे लोहयुगातील दफनांभोवतीची सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांवर लिहिताना दगडांवरील वाटीसारख्या खळग्यांचे युरोपातील तशाच खळग्यांशी साम्य दाखवले होते. साम्य आहे म्हणून रक्ताचे नाते आहे असे ठरत नाही. पण दगडांच्या वर्तुळासमोर उभे राहायची सवय तरी घरच्या घरी होईल.

पुरवणीत दुरुस्ती छापताना 'किल्ला' हा शब्द वगळून 'वाडा' किंवा निदान 'गोल बांधाची जुनी वस्ती' असे लिहावे, ही विनंती. त्या ३६ पावलांच्या वर्तुळाचे मी काढलेले टिपण सोबत जोडले आहे. उत्तर दिशा वर आहे. प्रमाण मात्र पावलांचे आहे, साखळीचे नाही.

आपला नम्र,
एक वाचक (निवृत्त भूकरमापक), सातारा